हसून वाजवायचं न्हाई

धारूरच्या बाजारात आमची काळी-पिवळी जीप एका वरातीमागं अडकली. मी मान बाहेर काढून बघितलं, तर बँडच्या दुसऱ्या रांगेत आमच्या ग्रुपचा ड्रमर.

आधी ओळखलाच नाही. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि गळ्यात साइड ड्रम. आमच्या सरावाला हा माणूस फाटक्या काळ्या बनियनवर येतो आणि चेहरा असा ठेवतो, की जणू आत्ताच कुणी त्याचा मोबाइल मारला. इथं मात्र डोळे मिटलेले, मान डुलणारी, आणि तोंडावर इतका निर्लज्ज आनंद की नवरदेवानं बघून शिकावं. बँड वाजवत होता नव्वदच्या दशकातलं एक सिनेमातलं प्रेमगीत. आमच्या जन्माच्या आधीचं, तरी आमच्याकडच्या प्रत्येक कटिंगच्या दुकानात, प्रत्येक जीपमध्ये, प्रत्येक हळदीला वाजलेलं. मूळ गाण्यात आधी बासरी, मग व्हायोलिनांचा पूर, मग बायकांचा कोरस. पाकात बुडवून काढलेलं आणि वर पुन्हा पिठीसाखर भुरभुरलेलं.

मी जीपमधून उडी मारली आणि करवल्यांमधून वाट काढत त्याच्यापाशी गेले.

"काय चाललंय हे?"

त्यानं डोळे उघडले, हात थांबवले नाहीत. "वरात हाय. दिसंना का?"

"तू कावून हितं?"

"काकाचा बँड हाय."

"काकानं जबरदस्ती केली?"

"काका तर म्हणतो येऊ नको, तुझा ताल पळतो. मीच येतो."

"मग माणूस कमी पडला असंल."

"दोन जास्तीच झालेत. आणि पैसे बी घेत न्हाई, तू विचारायच्या आधीच सांगतो. गाणं आवडतं म्हणून आलो. बाजूला सरक की, घोडी लाथ मारती."

सगळ्यात वाईट हेच होतं. पोटासाठी वाजवत असता तर मी त्याच्या बाजूनं पानभर लिहिलं असतं. घरच्यांनी भाग पाडलं असतं तर दीड पान. माझ्या डोक्यात मथळेसुद्धा तयार होते. पण एखादा माणूस धडधाकट, राजीखुशीनं, फुकट, केवळ आवडीपोटी असलं गाणं वाजवायला जातो, यावर काय लिहायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील चळवळीतले, त्यामुळं आमच्या घरात कॅलेंडर नसायचं, पण पत्रकांचे गठ्ठे असायचे. इतर पोरं 'कमळ' वाचायला शिकली, मी 'निषेध' वाचायला शिकले. जोडाक्षरं 'भ्रष्टाचार'वर पक्की झाली. संध्याकाळी आई, वडील आणि मी जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो; एक उभी, एक आडवी, आणि अंगठ्याच्या नखानं कडक दाब. पत्रक कसं असावं हे मला तेव्हापासून माहीत आहे: लहान, मोठ्या आवाजाचं, वाईट छापलेलं आणि खरं.

म्हणून पंक नावाचं गाणं-बजावणं पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मला वाटलं, हे तर आपलंच. अंबाजोगाईला डॉक्टर होत असलेला आमचा एक मित्र आहे, त्यानं मला कानात घालायला दिलं होतं. परदेशी पोरं, तीन सूर, दोन मिनिटांचं गाणं, सगळा आरडाओरडा. शब्द कळले नाहीत, राग कळला. "गाता येत न्हाई का ह्यांना?" मी विचारलं. "येत न्हाई, तरी गातात. तेच तर पंक," तो म्हणाला. मलाही गाता येत नव्हतं. मी त्याच दिवशी गायिका झाले.

आम्ही चौघं. डॉक्टर बास गिटार वाजवतो. गिटार वाजवणारा तेलगावचा, बागायतदार घरातला, त्याचे वडील तालुक्याच्या राजकारणातले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. सराव त्यांच्याच कापसाच्या शेडमध्ये चालतो. कापूस भरलेला असला की आमचा आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा येतो, विकला की घुमतो. म्हणून भाव कधी वाढतो याची वाट आबांइतकीच आम्हीही बघतो. आणि चौथा हा धारूरचा ड्रमर, ज्यानं काकाचा एक जुना मोठा ढोल आडवा टाकून, तेलगावच्या वेल्डिंगवाल्याकडून त्याला पायानं मारायचा दांडा बसवून घेतला होता. मी गाते ते सभेच्या भोंग्यातून. भोंगा आबांचाच. आमची निम्मी गाणी फ्लेक्सवर हात जोडून उभ्या असलेल्या पुढाऱ्यांवर आहेत, हे आबांना माहीत आहे. एकदा ते शेडच्या दारात येऊन म्हणाले होते, "माझ्यावरच हाय ना? मग नाव तरी घ्या की स्पष्ट. उगं सगळ्यांना कावून श्रेय?"

आमचं एक पत्रकही होतं, अर्थातच मी लिहिलेलं. 'आम्ही गोड गाणार नाही!!!' लाल शाई, एक पान. प्रेमगीतांनी दिलेली गुंगी, बाजारानं विकलेली स्वप्नं, बर्फात नाचणारे नायक आणि उन्हात ऊस तोडणारे आम्ही. खाली चौघांच्या सह्या. ड्रमरनं तर सही करताना मथळ्यावरचं उद्गारचिन्ह अजून दोनदा वाढवायला लावलं होतं. हे पत्रक अंबाजोगाईच्या सगळ्या कॉलेजांत वाटून झालं होतं आणि येत्या रविवारी तिथंच आमचा पहिला जाहीर कार्यक्रम होता.

म्हणून मी सभा बोलावली. ड्रमरला ठेवायचं की काढायचं, एवढा एकच विषय.

दुपारची वेळ, शेडमध्ये गळ्यापर्यंत कापूस. डॉक्टर आणि गिटारवाला कापसात रुतून बसलेले, ड्रमर ढोलावर बसलेला, मी उभी. मी आरोप वाचला. आरोप चांगला लिहिला होता, मधे एक अनुप्रासही साधला होता.

ड्रमर म्हणाला, "झालं? आता मपलं ऐका. मला ह्या ग्रुपात ऱ्हायचंय. लई ऱ्हायचंय. हे सोडून मला दुसरं काय बी नीट येत न्हाई. पण ते गाणं वाईट हाय असं मी म्हणणार न्हाई. काढायचं तर काढा."

"तू फक्त चूक झाली म्हण," गिटारवाला कळवळून म्हणाला. "रविवारी वाजवणार कोण बे? हिचा बाप?"

"चूक झाली न्हाई तर कसं म्हणू?"

"डॉक्टर, तू बोल," मी म्हटलं.

डॉक्टर कापसात अजून खाली गेला. "एक सांगू का? रागावू नको."

"बोल."

"ज्यांची गाणी ऐकून आपण हे सुरू केलं ना, त्यांच्यातले कित्येक जण लहानपणी रेडिओवरच्या गोड गाण्यांचे दिवाने होते. पोरींच्या त्रिकुटांची गाणी. टाळ्या वाजवत, 'बाळा, बाळा, ये ना रे' असली. तीच त्यांनी मोठं झाल्यावर दुप्पट जोरात वाजवली, आन त्याला बंड म्हणले."

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणतात. मुलाखती हायत."

"मग तू इतके दिवस बोलला कावून न्हाईस?"

"तू पत्रक काढशील म्हणून."

गिटारवाला फिसकन हसला. माझे परदेशी गुरू, फाटक्या कपड्यांचे, पिना टोचलेले, सगळ्या जगाला शिव्या घालणारे. ते घरी जाऊन 'बाळा, बाळा' ऐकत होते? मला फसवल्यासारखं वाटलं, आणि नेमकं कुणी फसवलं ते सांगता येईना.

मी मतदान घेणार, तेवढ्यात मला आमच्या घरचा नियम आठवला. वडिलांचा हा एकच नियम मी कधी मोडलेला नाही: समोरच्याचं पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्याच्या विरोधात एक अक्षर लिहायचं नाही. तळाशी छापखान्याचं नाव असतं, तिथपर्यंत वाचायचं. गाण्याला हाच नियम लागतो. ते आम्ही हजारदा कानावरून जाऊ दिलं होतं, पण आरोपी म्हणून समोर बसवून कधी ऐकलं नव्हतं.

"आधी गाणं ऐकायचं," मी जाहीर केलं. "सबंध. मग मत द्यायचं."

डॉक्टरनं मोबाइल एका उलट्या घमेल्यावर ठेवला. आम्ही चौघं गंभीर तोंडं करून बसलो, मयताला बसतात तसे. बासरी सुरू झाली. पहिल्या ओळीला डॉक्टरच्या पायाचा अंगठा हलला. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं अंगठा दुसऱ्या पायाखाली दाबला. कडव्याच्या आधी व्हायोलिनांचा तुकडा आला, तेव्हा गिटारवाल्याच्या ओठांनी आवाज न काढता सगळी व्हायोलिनं वाजवली, एकूण एक, वळणासकट.

"तुला हे पाठ कसं?"

"आबांच्या प्रचाराच्या जीपवर दोन भाषणांच्या मधी हीच कॅसेट असायची. मी जीपमधीच लहान झालो," तो म्हणाला. त्याला 'मोठा झालो' म्हणायचं होतं. कुणी दुरुस्त केलं नाही.

"मी तर हाडं ह्याच चालीवर पाठ केलीत," डॉक्टर म्हणाला. "परीक्षेत मनात गुणगुणल्याशिवाय मला मनगट आठवत न्हाई."

आणि मी? मी दुसऱ्या कडव्यापर्यंत टिकले. मग कोरस आला आणि माझा उजवा अंगठा आपोआप मांडीवर दाबला गेला. उभी घडी. आडवी घडी. दाब. आई घड्या घालताना रेडिओ लावायची. बाजारू संस्कृतीविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या आम्ही घरी या बाजारू गाण्याच्या ठेक्यावर घातल्या होत्या, गठ्ठेच्या गठ्ठे. आणि वडील, ज्यांनी ती लिहिली होती, कोरसच्या जागी हळूच "हूं हूं" करायचे. मला हे आठवलं आणि मी हसायला लागले. थांबताच येईना. मला बघून डॉक्टर हसला, गिटारवाला कापसात उलटा पडला, नाकात कापूस गेला, शिंका सुरू झाल्या. गाणं संपलं ते कुणाला कळलंच नाही.

"परत लाव," मी म्हटलं.

तिसऱ्यांदा लावलं तोवर गिटारवाल्यानं गिटार उचललं होतं. "ए, हे तर आपलेच सूर हायत. फ्लेक्सच्या गाण्याचे. तेच चार."

"पुढं मागं केलेत फक्त."

"वाजवून बघू. कुठं खोटं हाय ते वाजवल्यावर कळंल," मी अधिकृत कारण दिलं.

आम्ही सुरू केलं. मी गायले ते नाकातून, मान वेळावत, पदर असल्यासारखा खांदा उडवत. गिटारवाल्यानं प्रत्येक ओळीच्या शेवटी मेंढरासारखं बें केलं. डॉक्टर छातीवर हात ठेवून कापसात मूर्च्छित पडला. लई मजा चालली होती. कडव्याशी पोचलो आणि ढोल बंद पडला.

ड्रमर उभा होता.

"हसून वाजवायचं न्हाई."

"अरे मजा करायलो बे," गिटारवाला म्हणाला.

"तेच म्हणायलो. गाण्याला शिव्या घाला, मनापासून घाला, मी ऐकून घेईन. हिनं मघापासून घातल्या, मी काही बोललो का? पण तुमाला आवडतंय. तिघांना बी. आन आवडत न्हाई असं दाखवायला हसायलाव. खोटं बोलायलाव तुमी." त्यानं काड्या मागच्या खिशात खोवल्या. "आन आपली गाणी कुणावर हायत? खोटं बोलणाऱ्यांवरच ना?"

तो दारातून बाहेर गेला. मग गाडीच्या सीटवर फडकं मारल्याचा आवाज आला.

गिटारवाला माझ्याकडं बघत म्हणाला, "जा की. तूच हाकललं."

"मी कुठं? मतदान बी झालं न्हाई."

"पत्रकबाई," डॉक्टर म्हणाला, मला ते असंच चिडवतात, "तो गाडी चालू करायलाय."

रविवार गेला, कार्यक्रम गेला, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं असेल. पण खरं सांगायचं तर मला झोंबलं ते वेगळंच. या शेडमध्ये तत्त्वाचं बोलायचं काम माझं होतं. लाल कोट घालून वरातीत डुलणारा हा माणूस माझ्यापेक्षा कडवा निघाला, आणि त्याचा मुद्दा मला कुठूनही खोडता येईना. मी मनातल्या मनात त्याच्याविरुद्ध पत्रक लिहून बघितलं. पहिल्या वाक्यालाच अडलं.

मी भोंगा सुरू केला. भोंग्याचं तोंड बाहेर रस्त्याकडं असतं, कारण तो मुळात सभेचा. मी डोळे मिटले नाहीत, खांदा उडवला नाही, नाकातूनही गायले नाही. सरळ गायले.

भर चौकात पुढाऱ्याच्या नावानं ओरडायला मला कधी भीती वाटली नाही. राग आला की अंगात बळ येतंच. पण 'तू दिसला नाहीस तर मला करमत नाही' अशा अर्थाची ओळ, साध्या आवाजात, खरी म्हणून म्हणायची, तीही सगळ्या तेलगावला ऐकू जाईल अशी! मी माइक दोन्ही हातांनी धरला. पहिली ओळ बेसूर गेली, दुसरी त्याहून. समोरच्या घरातल्या एका बाईनं धुणं पिळता पिळता वर बघितलं. तिसऱ्या ओळीला गिटार आलं, अगदी हळू, बें नाही काही नाही. बास आला. बाहेर गाडीचा आवाज चालू होता, मग बंद झाला.

कडव्याला ढोल पडला. मी मागं वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर गाता आलं नसतं. तो वाजवत होता आणि काकाचं म्हणणं खरं होतं: त्याचा ताल पळतो. दुसऱ्या ओळीत थोडा पुढं, कोरसला अजून पुढं, त्याच्यामागं गिटार धापा टाकत, गिटारमागं मी. दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही त्या गाण्याच्या दुप्पट वेगानं पळत होतो. कुणी ठरवलं नव्हतं. आनंदच तेवढा होता, त्या संथ चालीत मावत नव्हता. मी आता ओरडत होते, नेहमीसारखी, घसा फाटेपर्यंत, पण एकेक शब्द कुणावर तरी जीव असल्यासारखा. व्हायोलिनांच्या जागी तिघंही तोंडानं व्हायोलिन झाले. कापूस उडत होता. डॉक्टरच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप झाला होता. गाणं संपलं तसं आम्ही पहिल्या ओळीला परत लागलो, मग परत. मला अजूनही वाटतं की बाजार माणसांना गुंगी देतो आणि त्याविरुद्ध लिहायलाच हवं. तो शब्द मी मागं घेतलेला नाही. पण त्या दुपारी इतकं जागं मला कधीच वाटलं नव्हतं.

कितव्यांदा वाजवत होतो कुणास ठाऊक, दारात सावली पडली. आबा. पांढरे कपडे, खिशाला पेन, मागं रस्त्यावर पाच-सहा माणसं थांबलेली.

"आज काय चांगलं वाजायलंय!" ते म्हणाले. "बोंबलायचं सोडलं वाटतं. अरे, हे आमच्या काळातलं. कॉलेजात आमी ह्याच्यासाठी टॉकीजला तीनदा गेलतो."

आम्ही थांबलो. सगळे घामानं चिकट, अंगभर कापूस.

"असं करा," आबा खुशीत म्हणाले, "पुढच्या आठवड्यात माझा वाढदिवस हाय. मोठा स्टेज घालायलेत पोरं. तुमी चौघं या, हेच वाजवा. झकास होईल. फ्लेक्सवर तुमचे बी फोटू टाकू."

गिटारवाला गिटारच्या खुंट्या पिळायला लागला. बाप होता शेवटी. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी भोंग्याचा माइक तोंडाशी नेला.

पण आधी आवाज आला तो ढोलामागून.

"न्हाई, आबा," ड्रमर म्हणाला. "आमी वाढदिवसाला वाजवत न्हाई."

"अरे, पण काकासंगं वरातीत वाजवतो ना तू?"

"नवरदेवाला नाचायचं असतं आबा. तुमाला मतं पायजेत."

रस्त्यावरच्या माणसांपैकी कुणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. मग मीही भोंग्यातून 'न्हाई' म्हटलं, डॉक्टर म्हणाला, आणि शेवटी गिटारवाला म्हणाला, जरा बारीक आवाजात, पण म्हणाला.

आबांनी चौघांकडं आळीपाळीनं बघितलं. रागावले असावेत. मग त्यांनी कापसाचं एक बोचकं पायानं जवळ ओढलं आणि त्यावर बसले.

"बरं, नका येऊ. पण शेड माझं हाय. ऐकायला तर बसू द्याल का न्हाई?"

मी ड्रमरकडं बघितलं. त्यानं कपाळावरचा कापूस मनगटानं पुसला.

"बसा की. पण मधात टाळ्या वाजवायच्या न्हाईत, मपला ताल आधीच पळतो."

आणि त्यानं काडीवर काडी आपटून चार मोजले. ठरावावरचं मतदान त्या दिवशी राहूनच गेलं.